पन्नास मिनिटं

दर सोमवारी मी पितळ घासतो.
दाराशी अकरा पाट्या, अकरा नावं,
सगळे मनाचे डॉक्टर.
बारावी पाटी दातांच्या डॉक्टरची,
त्याच्याकडून ओरडण्याचा आवाज तरी येतो.

ब्युनोस आयर्सच्या या गल्लीत
पावाच्या भट्ट्यांपेक्षा कोच जास्त.
माणसं वर जातात शर्टाची बटणं लावत,
खाली येताना लिफ्टच्या आरशात बघत नाहीत.
सत्तावीस वर्षं हीच लिफ्ट, जाळीचं दार,
आणि मी, अन्सेल्मो,
वॉचमन, प्लंबर, कुणाकुणाची पार्सलं सांभाळणारा.

शब्द लिफ्टमध्ये सांडतात.
आधी अपराधीपणा असायचा, मग काही वर्षं डिप्रेशन,
आता बाउंड्री.
चौथ्या मजल्यावर येणारी मुलगी
फोनवर आईला सांगत होती,
"माझ्यात आत्ता तुझ्यासाठी जागा नाही."
मला वाटलं घराचं बोलतेय.
जुलैची थंडी,
म्हातारी बिचारी झोपेल कुठं?

तेच वाक्य ऑगस्टात माझ्याकडे आलं,
कोर्दोबाहून, रोसिओच्या आवाजात.
दोन मिनिटं बारा सेकंद.
"पापा, हे तुझ्याविरुद्ध नाही, माझ्यासाठी आहे."
बॉयलरच्या खोलीत उभ्यानं तीनदा ऐकलं.
कुठं अडखळली नाही पोरगी.
लहानपणी 'र' म्हणता यायचा नाही तिला,
स्वतःचंच नाव अर्धं सांगायची.

राग आला? आला.
मग बापाचा पट्टा आठवला, खिळ्याला टांगलेला,
आणि आई, कसावा सोलत, भिंतीकडे तोंड करून.
आमच्याकडे त्याला शब्दच नव्हता.
'हवा बिघडलीय' म्हणायचो
आणि घोडी घेऊन नदीवर जायचो, दोघे भाऊ.
तो भाऊ चौदा वर्षं बोललेला नाही.
त्याला कुठल्या डॉक्टरनं शिकवलं नव्हतं,
त्यानं जुन्या पद्धतीनं तोडलं, मुकाट.
रोसिओनं निदान सांगून दार लावलं.
यातलं बरं कुठलं, मला ठरवता येत नाही.

जानेवारीत वीज गेली. अख्खी गल्ली काळी.
लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध,
आत सहाव्या मजल्याच्या ऑर्दोन्येस बाई,
ज्यांच्या भेटीसाठी लोक चार-चार महिने थांबतात.
"अन्सेल्मो, श्वास घेता येत नाही मला."
मी जिन्यात बसलो, जाळीतून बोटं आत घातली.
त्यांनी धरली. गार होता हात, ओला.
अशा वेळी काय बोलायचं असतं, मला काय ठाऊक.
मी घोडीचं सांगितलं,
पांढऱ्या कपाळाची, पुरात
आम्हा दोघांना शेपटीशी घेऊन
पलीकडे गेलेली.
मग त्या बोलल्या.
काय ते मी सांगणार नाही.
मुलगा आहे एक. माद्रिदला. एवढंच.

दिवे आले. त्यांनी घड्याळ पाहिलं, सवयीनं.
"पन्नास मिनिटं," म्हणाल्या, हसल्या,
पर्स उघडली, परत मिटली.

त्या रात्री मी रेकॉर्डचं बटण दाबलं.
माफी मागायची होती, की जाब विचारायचा?
तोंडातून काही निघेना.
वर कुणीतरी लिफ्ट बोलावली.
मोटर खोकली, दोर ताणले,
आमच्या खोलीच्या भिंतीतून ती सरपटत वर गेली.
या आवाजावर झोपायची रोसिओ,
नऊ वर्षांची होईपर्यंत.
थांबला की जागी व्हायची.

एकोणचाळीस सेकंद. पाठवून दिलं.

पहाटे दोन निळ्या खुणा.
उत्तर नाही.
सोमवार. फडकं, लिंबू, राख.